वाट कुणाच्या तरी अंगणातून जाते



येत्या हिवाळ्यात आपल्यातल्या दहा जणींनी सात दिवस पायी चालायचं, असा एक प्रस्ताव मागच्या बैठकीत आला. वाट नर्मदाकाठची, सातपुड्याच्या डोंगरांतली. परिक्रमावासी जिला ‘शूलपाणीची झाडी’ म्हणतात, ती. प्रस्ताव मांडणाऱ्या मैत्रिणीला वाटलं होतं की पाच मिनिटांत सगळ्या हो म्हणतील आणि मग कोणी काय आणायचं याची यादी करायची. प्रत्यक्षात दोन तास गेले. “मोर्चाला, शिबिराला, कोर्टाच्या तारखेला घराबाहेर पडायचीच मारामार, त्यात ही चैन कशाला?” असं एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, “परिक्रमा हे व्रत आहे. आपल्यात बौद्ध आहेत, मुस्लिम आहेत, देव न मानणाऱ्या आहेत. त्यांनी काय करायचं?” तिसरीनं सांगितलं, “तिकडे लुटतात.” आणि चौथी, जिनं आजवर एकही डोंगर चढलेला नाही, ती एवढंच म्हणाली, “मला यायचंय. पण मला कोण सोडणार?”

या चार वाक्यांमुळेच हे संपादकीय लिहावंसं वाटलं. पायी जायचं ठरवणं म्हणजे बूट, टॉर्च आणि सुकामेवा यांची यादी, असा आपला समज असतो. पण बाई सात दिवसांसाठी घराबाहेर पडायचं ठरवते, तेव्हा त्या यादीच्या आधी दुसरी एक यादी असते. तिच्यात घर असतं, पैसे असतात, पाळी असते, भीती असते, आणि आपण ज्यांच्या दारात उतरणार त्या बायका असतात. ही यादी सोडून आखणी केली, तर आपण फक्त ज्यांना आधीपासून मोकळीक आहे त्यांचीच सहल काढू.

आधी वाट कोणती ते पाहू. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि १३१२ किलोमीटर वाहून भरूचजवळ समुद्राला मिळते. तिला उजव्या हाताला ठेवून, पात्र न ओलांडता, दोन्ही काठांनी पायी फिरायची प्रथा फार जुनी आहे. परंपरेत या परिक्रमेला तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितले आहेत. चातुर्मासात चालायचं नाही, एका जागी मुक्काम करायचा. इतकी लांब, इतक्या लोकांनी चाललेली आणि तरीही सरकारी पाटी नसलेली दुसरी वाट आपल्याकडे क्वचितच असेल. दक्षिण काठानं पश्चिमेकडे जाताना बडवानीच्या पुढे सपाटी संपते आणि सातपुडा सुरू होतो. मध्य प्रदेशातला बडवानी जिल्हा, मग आपला नंदुरबार, मग गुजरात. राजघाट, बोरखेडी, भादल, खापरमाळ, बिलगाव, माथासर, झरवाणी, गोरा ही नावं चाललेल्यांच्या तोंडी असतात. परंतु वाट दरवर्षी थोडीफार बदलते, कारण नदीच बदलली आहे.

हे बदलणं आपल्यातल्या थोरल्या मैत्रिणींना नव्यानं सांगायला नको. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. त्यात मणिबेली पहिलं. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ मणिबेलीला होतं. ते बुडालं आणि नवं देऊळ गोऱ्याला बांधलं गेलं. १९९३ साली जागतिक बँकेचं कर्ज थांबलं, २००० साली सर्वोच्च न्यायालयानं बांधकामाला वाट मोकळी करून दिली, २०१७ साली दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरला. बडवानीच्या राजघाटावर गांधीजी, कस्तुरबा आणि महादेव देसाई यांच्या रक्षेची समाधी होती. तीही २०१७ च्या जुलैमध्ये हलवली गेली. काठाकाठानं जाणारी जुनी पायवाट आज पाण्यात आहे. म्हणून आता चालणाऱ्याला वर डोंगरात चढावं लागतं, एक धार उतरून दुसरी चढावी लागते. म्हणजे ज्या वाटेवर आपण ‘निसर्ग बघायला’ जाणार आहोत, ती धरणानं वर ढकललेल्या माणसांचीच वाट आहे.

त्या माणसांत बायकांच्या वाट्याला काय आलं, याचीही एक नोंद इथे करायला हवी. १९७९ सालच्या नर्मदा लवादाच्या निवाड्यात सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानलं गेलं. सज्ञान मुलीला नाही. जी मुलगी आईबरोबर त्याच उतारावर पेरणी करत होती, निंदणी करत होती, मोहाची फुलं वेचत होती, ती पुनर्वसनाच्या हिशेबात कुणाच्या तरी कुटुंबातली फक्त एक व्यक्ती ठरली. ‘कुटुंबप्रमुख’ या एका शब्दानं बायका कशा पुसल्या जातात, हे आपण रेशनकार्डापासून सात-बारापर्यंत बघत आलो आहोत. इथे तो शब्द अख्ख्या खोऱ्यावर फिरला.

आता ‘चैन कशाला’ या प्रश्नाकडे येऊ. हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. ज्या मैत्रिणीनं तो विचारला ती चार घरची धुणीभांडी करते आणि संध्याकाळी वस्तीतल्या बायकांना घेऊन पोलिस ठाण्यात जाते. सात दिवस म्हणजे तिच्यासाठी सात खाडे. एखाद्या मालकिणीनं तेवढ्यात दुसरी बाई ठेवली, तर कामही गेलं. तिच्या दृष्टीनं ही चैनच आहे. पण म्हणून ती चैन तिला न मिळणं बरोबर, असं होत नाही. विश्रांती, भटकंती, विनाकारण चालणं हे बाईला नेहमी कशाच्या तरी आडोशानं मिळत आलं आहे. देवाला, माहेरी, बाळंतपणाला, पाण्याला, सरपणाला. वारीला निघालेल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी आयुष्यातली मोकळी हवा विठोबाच्या नावानं घेतली. “मला चालावंसं वाटतं म्हणून मी जाते” हे वाक्य म्हणायला अजूनही आपली जीभ अडखळते. तेव्हा खाड्याची भरपाई हा सहलीच्या खर्चाचाच भाग धरला पाहिजे, प्रवासभाड्याइतकाच. ज्यांना पगारी रजा आहे त्यांनी वर्गणी जास्त द्यावी आणि त्यातून जिची रोजी बुडते तिची रोजी द्यावी. हे उपकार नव्हेत. दहापैकी दहा जणी सारख्याच मोकळ्या मनानं चालायला हव्या असतील, तर त्याला पडणारी ही किंमत आहे.

“मला कोण सोडणार?” या प्रश्नाचं उत्तर पैशात नाही. या वाक्यातलं ‘सोडणार’ हे क्रियापद आपण किती सहज वापरतो! परवानगीचा मुद्दा सुटला तरी घरकामाचा उरतोच. बाई चार दिवस गावाला निघाली की आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत काय करत असते, हे सांगायची गरज नाही. पिठाचे डबे भरलेले, भाज्या चिरून ठेवलेल्या, चटण्या कुटलेल्या, मुलांचे गणवेश धुऊन, घड्या घालून मांडलेले. म्हणजे ती जाते, पण तिचं काम ती आधीच करून जाते. सात दिवसांची रजा तिनं स्वतःच स्वतःला विकत दिलेली असते. माझी सूचना अशी आहे, की आपल्या आखणीत एक ओळ लिहून ठेवावी : घरी काहीही करून ठेवायचं नाही. त्याऐवजी महिनाभर आधीपासून घरातल्या माणसांनी स्वयंपाक, पाणी भरणं, आजारी सासऱ्यांची औषधं हे शिकून घ्यायचं. सरावासाठी आपण दर रविवारी तीन तास जवळचा डोंगर चढणार आहोत. त्या तीन तासांत घरच्यांचाही सराव होईल. जिथे हे शक्यच नाही, जिथे बाहेर पडल्याबद्दल परतल्यावर मार खावा लागेल, तिथे तिला आग्रह करून नेण्यात शौर्य नाही. तिच्या घराचा प्रश्न आधी आपला, चालणं नंतर.

भीतीबद्दल. शूलपाणीत परिक्रमावासीयांना भिल्ल ‘मामा’ लुटतात, अंगावरच्या कपड्यांसकट सारं काढून घेतात, ही कथा मराठीत वर्षानुवर्षं सांगितली गेली आहे. अशा घटना घडत असत, हे चाललेल्यांनी लिहिलं आहे. पण भुकेल्या डोंगरात भरल्या पिशव्या घेऊन जाणाऱ्यांच्या या गोष्टीत तिथल्या माणसाचं नाव नेहमी ‘लुटारू’ असंच का येतं? याच सातपुड्यात १८५७ साली खाज्या नाईक आणि भीमा नायक यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांनाही सरकारदप्तरी लुटारूच म्हटलं गेलं. आता काळ बदलला आहे. बायकाही ही वाट चालल्या आहेत. भारती ठाकूर २००५-०६ साली दोन मैत्रिणींबरोबर संपूर्ण परिक्रमा चालल्या, त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं आणि पुढे नर्मदाकाठच्या मुलांच्या शिक्षणाचं काम उभं केलं.

आणि आपण एक हिशेब विसरता कामा नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं, की नोंदल्या गेलेल्या बलात्कारांपैकी दहातल्या नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बाईला जंगलातल्या अनोळखी माणसानं मारलेलं नसतं. तरीही ‘जंगलात जाऊ नकोस’ असंच तिला सांगितलं जातं, ‘या घरात राहू नकोस’ असं कोणी सांगत नाही. याचा अर्थ बेफिकीर राहावं असा नाही. एकटीनं मागे राहायचं नाही, अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं, वाटेत कोणत्या गावी कधी असू हे मागे राहिलेल्या दोघींना लिहून द्यायचं, हे नियम पाळायचेच. पण ते डोंगराचे नियम म्हणून. बाईच्या जातीनं पाळायचे म्हणून नव्हे.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. या वाटेवर हॉटेलं नाहीत. चालणाऱ्याला गावोगावी जेवण आणि आसरा मिळतो. सदावर्त म्हणा, आश्रम म्हणा, नाहीतर एखाद्या पावरा किंवा भिल्ल कुटुंबाचं घर म्हणा. या आदरातिथ्याचे गोडवे सगळे गातात. ते खरंही आहे. ज्यांच्याकडे देण्यासारखं फार नाही, ती माणसं भाकरी पुढे करतात. पण ती भाकरी थापतं कोण? तिच्यासाठी पाणी आणतं कोण?

जरा हिशेब मांडू. आपण दहा जणी. पिणं, स्वयंपाक, हातपाय धुणं धरून माणशी दहा लिटर पाणी, म्हणजे रोजचं शंभर लिटर. एका हंड्यात पंधरा लिटर मावतं असं धरलं, तर सात हंडे. या डोंगरांत घरं एकमेकांपासून लांब, उतारावर विखुरलेली असतात. पाणी खाली झऱ्याला नाहीतर नाल्याला. खाली भरलेला जलाशय दिसत असतो आणि वर बाई हंडा घेऊन चढत असते. आपल्या एका मुक्कामासाठी तिला सात खेपा जास्तीच्या पडणार. त्यावर दहा जणींच्या भाकऱ्यांचं दळण आणि जळण. आपण सकाळी “मैयाचा आशीर्वाद” किंवा “काय गोड माणसं!” असं म्हणून पुढे निघणार. तिच्याकडे संध्याकाळी दुसरे दहा येणार.

घरात ज्या श्रमांना आपण मोजायला शिकलो, ते दुसरीच्या घरात गेल्यावर मोजायचे थांबवून चालणार नाही. काही जणी म्हणाल्या, पैसे देऊ. पैसे घरातल्या पुरुषाच्या हातात जातात, आणि आल्यागेल्याला वाढण्याच्या रीतीचा दर ठरतो, तो पुढे गरीब वाटसरूंना जड जातो. म्हणून आमच्यापुरतं असं ठरवलं आहे : माणशी रोज अर्धा किलो धरून सात दिवसांचा पस्तीस किलो शिधा आपला. तो धडगावच्या बाजारात घ्यायचा, शहरातून न्यायचा नाही. अर्धा पाठीवर, अर्धा वाटेतल्या एका गावी आधी पोचवायचा. स्वयंपाक आपण करायचा, पाणी आपण आणायचं, भांडी आपण घासायची. घरची बाई जेवायला आपल्या पंगतीला बसली पाहिजे, आपण उठल्यावर नाही. आणि मुक्काम मागण्याआधी विचारायचं, तेही तिला. दहापेक्षा जास्त जणींनी जायचं नाही, याचं कारणही हेच. तिथल्या घरावर आणि झऱ्यावर त्याहून जास्त भार घालायचा आपल्याला अधिकार नाही.

व्रताच्या प्रश्नावर आपण मोकळेपणानं बोललो ते बरं झालं. आपण परिक्रमा ‘उचलणार’ नाही. आपण या वाटेचा एक तुकडा चालणार आहोत. ज्यांना नदीला हात जोडावेसे वाटतील त्यांनी जोडावेत, इतरांनी नुसतं बघावं. परंतु वेष घेऊन, परिक्रमावासी म्हणवून सदावर्तात जेवायचं नाही. ते अन्न व्रत घेतलेल्यांसाठी आहे. पाळीचा प्रश्न येईल. काही आश्रमांत पाळीच्या बाईला वेगळं बसवण्याची रीत अजून आहे. तिथे वाद घालत बसायचं, खोटं सांगायचं, की पुढे जायचं? माझं मत, आपण दहाही जणींनी एकत्र बाहेर अंगणात झोपावं. एकीला वेगळं बसवून नऊ जणी आत गेल्या, असं होऊ नये.

शरीराबद्दल चार गोष्टी स्पष्ट सांगते, कारण ट्रेकच्या माहितीपत्रकांत त्या नसतात. आडोसा मिळणार नाही म्हणून बायका पाणी पिणंच कमी करतात. त्यानं चक्कर येते, लघवीला जळजळ सुरू होते आणि तिसऱ्या दिवशी चालणं थांबतं. दर तासाला पाणी प्यायचं आणि दर दोन तासांनी दोघींनी ओढणी धरून आडोसा करायचा. पाळीसाठी कापड, पॅड, कप, जे सवयीचं असेल तेच. नवा प्रयोग डोंगरात नको. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून, पिशवीत घालून परत आणायचे. झऱ्याकाठी किंवा शेतात टाकायचे नाहीत. बूट निदान महिनाभर वापरलेले हवेत. डिसेंबरात दिवसा ऊन आणि पहाटे कडक थंडी, म्हणून पातळ कपडे दोन आणि एक जाड स्वेटर. पाठीवर सात-आठ किलोंपेक्षा जास्त नको. औषधांत जलसंजीवनी, क्रेप बँडेज, जखमेचं मलम आणि ज्या जणी रोज रक्तदाबाची, साखरेची गोळी घेतात त्यांचा दहा दिवसांचा साठा. साप चावल्यास आवळून बांधणं, कापणं, रक्त चोखणं यांपैकी काहीही करायचं नाही. पाय हलू न देता लवकरात लवकर रुग्णालय गाठायचं.

हे शेवटचं वाक्य लिहायला सोपं आहे. अनेक घड्यांमध्ये फोन लागत नाही आणि १०८ ची गाडी प्रत्येक पाड्यावर पोचत नाही. आपल्यासाठी ही सात दिवसांची जोखीम आहे. तिथल्या गरोदर बाईसाठी ती नऊ महिन्यांची आहे. नंदुरबारच्या या भागात बाळंतपणाला अडलेल्या बाईला बांबूला बांधलेल्या झोळीतून डोंगर उतरवून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या आजही येतात. आपण ज्या उतारावर फोटो काढू, त्यावरून ती झोळी उतरलेली असते. म्हणून आपली वही घेऊन जाऊ. कोणत्या पाड्यापासून रस्ता किती चालीवर आहे, दवाखाना किती, पाणी किती, याची नोंद तिथल्या बायका सांगतील तशी आणि त्यांना हवी असेल तर करू, आणि परतल्यावर ती त्यांच्याच भागात काम करणाऱ्या संघटनांच्या हाती देऊ. नर्मदेच्या खोऱ्यात तीस-पस्तीस वर्षं लढणारी, जीवनशाळा चालवणारी माणसं आहेत. आपण त्यांना शिकवायला जात नाही. त्यांना आधी कळवून, त्यांनी ‘या’ म्हटलं तरच निघायचं. ‘सध्या नको’ म्हणाले, तर ही आखणी वहीत राहील.

एक शंका तरीही उरते, ती मांडून थांबते. इतकं सगळं ठरवून, मोजून चालायला निघाल्यावर चालण्याचा आनंद राहील का? मला वाटतं राहील. आनंद म्हणजे कुणीतरी आपलं सगळं करणं, ही समजूत आपल्याला पुरुषांच्या सहलींनी दिली आहे. त्या सहलींत पाणी, जेवण, घर हे सारं दुसरीकडे कुणी तरी बाई सांभाळत असते. आपला आनंद जरा वेगळा असेल. एक धार चढून वर आल्यावर वारा लागतो, खाली पाणी दिसतं, पुढची धार दिसते, आणि त्या वेळी घरी कोणी भुकेलं नाही, मागच्या पाड्यावरच्या बाईच्या डोक्यावर आपला हंडा नाही, हे माहीत असतं. तेवढ्या मोकळ्या मनानं आपल्यापैकी कितीजणी आजवर चालल्या आहेत?

ज्या गटांना अशी आखणी करायची असेल, त्यांनी सह्याद्रीतली, कोकणातली, आपल्या जवळची वाट निवडावी. नर्मदाच हवी असं नाही. पण खाडा, घरकाम, पाणी आणि भाकरी या चार रकान्यांचा कागद आधी भरावा आणि तो आम्हाला पाठवावा. दिवाळीआधी आलेली पत्रं पुढच्या अंकात छापू. आणि “मला कोण सोडणार?” असं विचारणारी मैत्रीण तुमच्याही गटात असेल, तर यादीत पहिलं नाव तिचं लिहा. तिला यायला काय काय लागेल, हे तिच्याबरोबर बसून काढलंत, की बाकीची आखणी निम्मी झालीच म्हणून समजा.

तुमच्या पत्रांची वाट पाहतो आहोत.